स्थलनामांची साक्ष आणि परागांची साक्ष

मुंबई शहराच्या १९०९-१० च्या गॅझेटिअरने चिंचपोकळी, उमरखाडी या नावांची व्युत्पत्ती वृक्षांवरून लावली. ती ग्राह्य आहे. परंतु तीवरून परळ-लालबागभोवतालच्या प्राचीन दलदलीतील वनस्पतिसृष्टीचे अनुमान करणे सयुक्तिक नव्हे. चिंच मूळची आफ्रिकेतील. तिचे नाव मनुष्यवस्तीचीच साक्ष देते. शिवाय मनुष्य नाव देतो ते सहसा उठून दिसणाऱ्या वृक्षावरून, सर्वत्र माजलेल्या तिवरांवरून नव्हे.

गाळातील परागकणांत अशी मानवी निवड नसते. प्राणवायूविरहित चिखलात त्यांचे चिवट बाह्यकवच सहस्रावधी वर्षे टिकते. तथापि तेथेही पक्षपात आहेच: कांदळाचे पराग वाऱ्याने विपुल पसरतात, कीटकांवर विसंबणाऱ्या तिवराचे अल्प. सारांश, परागांची गणना म्हणजे झाडांची गणना नव्हे. हीही साक्ष उलटतपासणीनंतरच स्वीकारावी.