मांत्रिकाची जीभ

मांत्रिकाची गोष्ट मुळात बोलण्याची गोष्ट आहे. नवनाथ भक्तिसारात कानिफनाथ मंत्र म्हणून भस्माची चिमूट फेकतो आणि झाडावरचे पिकले आंबे शिष्यांसाठी खाली येतात. खाऊन उरलेली फळं परत झाडाला लावता येतील का, हा प्रश्न निघतो तेव्हा कानिफ अडतो आणि गोरक्षनाथ ती देठाला लावून दाखवतो. तोडायचा मंत्र एकाकडे आहे, जोडायचा दुसऱ्याकडे. मग कुणाला काय शिकवलं गेलं यावरून वाद पेटतो तो थेट दोघांच्या गुरूंपर्यंत जातो. पोथी ऐकणाऱ्याला यात काही समजावून सांगावं लागत नाही. मंत्र मिळवावा लागतो, पाठ असावा लागतो आणि नेमका उच्चारावा लागतो, हे तो जाणतो. सिनेमा आणि रोल-प्लेइंग गेम या दोन नव्या घरांत मांत्रिक गेला, तेव्हा त्याच्या या भांडवलाचं काय झालं, ते तपासायला हवं. माझ्या मते पडद्यावर तो देखणा होत गेला आणि मुका होत गेला.

हे कुठे घडलं ते जवळजवळ बोट ठेवून दाखवता येतं. दुसऱ्या शतकातल्या लुशियनच्या ग्रीक कथेत एक तरुण इजिप्तमधल्या मांत्रिकाचा तीन अक्षरी मंत्र चोरून ऐकतो आणि मुसळाला पाणी भरायला लावतो. थांबवायचा मंत्र मात्र त्याच्या कानावर पडलेला नसतो. ग्योथेने 1797 मध्ये यावर कविता रचली. तिच्यात मुसळाच्या जागी झाडू आला आणि शिष्य थांबवायचा शब्द विसरला. शंभर वर्षांनी पॉल दुकासने त्या कवितेवर संगीतरचना केली आणि तिच्यावरून डिस्नेने 1940 च्या ‘फँटेशिया’त मिकी माउसला शिष्य केलं. मिकी शब्द विसरत नाही, कारण त्याला शब्द दिलेलाच नाही. तो गुरूची टोपी डोक्यावर चढवतो आणि हात हलवतो. ज्या विसरलेल्या शब्दावर सगळी गोष्ट उभी होती तोच काढून घेतला गेला. तरीही तो तुकडा अप्रतिम आहे, कारण दुकासचं संगीत शब्दाची जागा भरून काढतं. पुढे येणाऱ्यांनी हातवारे तेवढे उचलले.

सारुमान या मांत्रिकाचं उदाहरण मला सगळ्यात जास्त खुपतं. टॉल्किनच्या कादंबरीत त्याचं खरं अस्त्र आवाज आहे; पराभूत होऊन मनोऱ्यात अडकल्यावरही तो नुसत्या बोलण्याने ऐकणाऱ्याचं मन फिरवू शकतो, आणि त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. तिच्यावरच्या 2001 च्या चित्रपटात तो आणि दुसरा मांत्रिक गँडाल्फ काठ्या रोखून एकमेकांना भिंतींवर आपटतात. कादंबरीत अशी मारामारी नाही. भूमिकेत क्रिस्टोफर ली होता, ज्याच्या नुसत्या आवाजाने थिएटर गार झालं असतं! 2016 च्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’मध्ये तर बोटांच्या चपळाईतून ठिणग्यांची वर्तुळं फिरतात, नजर खिळते, कानाला काही उरत नाही. याउलट जॉन बूरमनच्या ‘एक्सकॅलिबर’मध्ये (1981) मर्लिनचा मंत्र प्रेक्षकाला पुन्हा पुन्हा ऐकू येतो आणि मॉर्गाना तो त्याच्या तोंडून काढून घेते. मंत्र गेला तशी मर्लिनची सत्ता गेली. त्या चित्रपटात इफेक्ट्स मोजकेच आहेत, पण मांत्रिक कशाने मांत्रिक होतो हे दिग्दर्शकाला पक्कं ठाऊक आहे.

मराठीत हे भान रंगभूमीमुळे टिकलं, असं मला वाटतं. रंगमंचावर ठिणग्या कमी पडतात, तिथे चेटूक गळ्यातूनच यावं लागतं. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली आणि महेश कोठारेंच्या ‘झपाटलेला’मधल्या (1993) तात्या विंचूच्या बाहुल्यालाही त्यांचाच आवाज आहे. त्या बाहुल्याचा चेहरा जितका आठवतो तितकाच मृत्युंजय मंत्र आठवतो. शाळकरी पोरं तो वर्गात एकमेकांवर टाकत. पण या परंपरेला एक खरीखुरी अडचण आहे. पाश्चात्त्य वाचकाला मर्लिन फक्त पुस्तकात भेटतो. आपल्याकडे मांत्रिक, देवऋषी, भगत ही गावात पैसे उकळणारी आणि प्रसंगी जीव घेणारी माणसं आहेत. 2013 मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांची हत्या झाली आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. अशा समाजात मांत्रिकाला नायक करताना लेखकाचा हात अडखळणारच, आणि तो अडखळावा. नारायण धारपांच्या समर्थांसारखा सज्जन जाणकार आपल्या भयकथांत म्हणूनच विरळा.

खेळांनी मात्र सुरुवात शब्दापासून केली. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ने (1974) मंत्रांची रीत जॅक व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’मधून (1950) घेतली. मांत्रिकाने पोथीतून मंत्र डोक्यात भरायचा आणि एकदा वापरला की तो पुसला जायचा. शब्दाला वजन आहे, डोक्यात थोडेच मावतात, ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. पण खेळाच्या नियमात मंत्रासाठी उच्चार लागतो एवढंच म्हटलं आहे. शब्द कोणते, ते कुठेच नाही. त्यामुळे टेबलाभोवती बसलेला खेळाडू ‘मी फायरबॉल टाकतो’ म्हणतो आणि फासे उचलतो. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीने याही पुढे जाऊन ‘सॉर्सरर’ हा वेगळा वर्ग आणला. त्याला पोथी नको, अभ्यास नको. कुणा पूर्वजातल्या ड्रॅगनच्या रक्तातून विद्या आलेली असते आणि बुद्धीऐवजी व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावावर चालते. खेळायला तो सुटसुटीत आहे, लोकप्रियही आहे. पण शिकून मिळणारी विद्या जन्माने मिळू लागली की गुरू, चूक, विसरणं हे सगळं नाट्य हातचं जातं.

आश्चर्य म्हणजे त्या आवृत्तीचे मुख्य रचनाकार जोनाथन ट्वीट यांनीच 1987 मध्ये मार्क राइन-हेगन यांच्यासोबत ‘आर्स मॅजिका’ लिहिला होता. मध्ययुगीन युरोपात घडणाऱ्या या खेळात मांत्रिकाची विद्या म्हणजे लॅटिनचं व्याकरण आहे. निर्माण करणं, जाणणं, बदलणं, नष्ट करणं, ताब्यात ठेवणं ही पाच क्रियापदं आणि अग्नी, जल, मन, देह अशी दहा नामं. क्रियापद नामाशी जोडलं की मंत्र झाला, आणि पोथीत नसलेला मंत्र खेळाडू जागच्या जागी रचू शकतो. इथे खेळाडूला बोलावंच लागतं, विचार करून बोलावं लागतं. या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत हातवारे न करता मंत्र टाकला तर 5 गुण कापले जातात. तोंडातून आवाज न काढता टाकला तर 10.