घरच्या शाळेचे वाङ्मय

मुलांस शाळेत न घालता घरीच शिकविणाऱ्या पालकांनी गेल्या अर्धशतकात विपुल लेखन केले आहे. दैनंदिन्या, पत्रे, अनुभवकथने आणि मुलांचे स्वतःचे मजकूर असे त्याचे स्वरूप आहे. शिक्षणशास्त्रज्ञ त्याकडे पुरावा म्हणून पाहतात. वाङ्मय म्हणून त्याची चिकित्सा सहसा होत नाही. ती येथे थोडक्यात करावी, असा आमचा हेतू आहे. गृहशिक्षण इष्ट की अनिष्ट, या वादात आम्ही शिरत नाही.

या लेखनाचा एक थोर पूर्वज म्हणजे चार्ल्स डार्विन. आपल्या थोरल्या मुलाच्या बाल्याची टिपणे त्याने ठेवली होती. सुमारे ३७ वर्षांनी, १८७७ साली, ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने त्यांवरून एक लेख प्रसिद्ध केला. अडीच वर्षे उलटलेले ते मूल एकदा आपले आंगडे नीट गुंडाळून भोजनगृहातून बाहेर आले. बापाने उलगडून पाहिले, तो त्यावर लोणच्याच्या रसाचे डाग! मुलाची ही लबाडी बापाने ना लपविली, ना तिचे कौतुक केले. जशी दिसली तशी टिपली. पालकाच्या लेखनाचा हा आदर्श आम्हांस अजूनही अनुकरणीय वाटतो.

यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७७ साली, अमेरिकेत बोस्टन येथे जॉन होल्ट यांनी ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे पत्र सुरू केले. होल्ट मूळचे शिक्षक. त्यांचे ‘हाउ चिल्ड्रन फेल’ हे १९६४ सालचे पुस्तक वर्गात बसून केलेल्या टिपणांतून सिद्ध झाले. मुले प्रश्नाचा विचार करण्याऐवजी शिक्षकांचा चेहरा वाचतात आणि त्यावरून उत्तराचा अदमास घेतात, हे त्यांतील निरीक्षण प्रत्येक शिक्षकाने मनाशी पडताळून पाहावे असे आहे. पुढे त्यांच्या पत्रात पालकांच्या पत्रांस मोठे स्थान मिळाले. मुलांचीही पत्रे छापली गेली. १९८१ सालच्या ‘टीच युअर ओन’ या ग्रंथास त्याच पत्रांचा आधार आहे. होल्ट १९८५ साली निवर्तले, तरी त्यांचे पत्र २००१ पर्यंत चालले.

या लेखनाचा मोठा गुण म्हणजे त्यातील तपशील. मूल कणीक मळताना मापे कशी शिकले, आठव्या-नवव्या वर्षापर्यंत न वाचणारे मूल एकाएकी पुस्तकात कसे बुडून गेले, अशा नोंदी पाठ्यक्रमाच्या भाषेत सापडत नाहीत. ज्यास रोज मुलाच्या जवळ बसावयास मिळते, त्यासच त्या लिहिता येतात.

दोषही त्याच जवळिकीतून उद्भवतो. येथे शिक्षक, परीक्षक आणि कथनकार एकच. ज्या निर्णयासाठी आप्तेष्टांचा रोष पत्करला, तो सफल झाला असे दाखविण्याचा मोह पालकास आवरत नाही. मग फसलेला दिवस, कंटाळा, रुसवा, आईची दमछाक हे सर्व गळून जाते आणि मूल एका मताचे प्रशस्तिपत्र बनते. असे लेखन कितीही प्रेमळ असले तरी त्यातील मूल वाचकास दिसत नाही. दिसतो तो पालकाचा पक्ष. शिवाय ज्याच्याविषयी लिहावयाचे, त्याची संमती कोणी घेतलेली नसते. मोठेपणी आपले बालपण आधीच चार लोकांत वाटले गेले आहे, हे त्यास कळेल, तेव्हा त्यास काय वाटेल, याचा विचार लेखणी उचलण्यापूर्वीच झाला पाहिजे.

मुलांच्या लेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. वर्गात मूल शिक्षकांचा चेहरा वाचते. घरी ते आईबापांचा वाचते, आणि तो चेहरा टाळावयास तर जागाच नसते. शुद्धलेखन सुधारता सुधारता पालक वाक्य सुधारतो, आणि वाक्याबरोबर मुलाचे म्हणणेही बदलून जाते. यास्तव अशा मुलास घराबाहेरचा एखादा वाचक हवा. तो गुण देणारा नसावा. पत्राचे उत्तर देणारा असावा. होल्ट यांच्या पत्रातील मुलांची पत्रे आम्हांस मोलाची वाटतात ती याच कारणाने. ती अनोळखी वाचकांस उद्देशून लिहिलेली आहेत.

हा विचार आपणांस दूरचा वाटू नये. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील ज्या मराठी कुटुंबांतील मुले अन्य भाषेतून शिकतात, त्यांच्यापुरते मराठीचे शिक्षण घरीच व्हावयाचे असते. आजीने गिरवून घेतलेली अक्षरे, बापाने जेवताना सांगितलेली गोष्ट, हीच त्यांची मराठी शाळा. म्हणजे निम्मे गृहशिक्षण आपण पिढ्यान्‌पिढ्या करीतच आहो. नोंद मात्र क्वचितच ठेवली. ती ठेवावी, आणि डार्विनच्या रीतीने ठेवावी. मूल कोणत्या शब्दाशी अडले, कोठे शेजारची भाषा मराठीत मिसळली, कोणत्या गोष्टीवर हसले, हे जसेच्या तसे लिहावे. आणि त्या मुलांनी लिहिलेल्या चार ओळींस उत्तर देणारा घराबाहेरचा वाचक होण्याचे काम आपल्यांतील शिक्षकांनी पत्करावे. ते त्यांच्याइतके चांगले दुसऱ्या कोणास साधेल, असे आम्हांस वाटत नाही.