एका दिवसाची आई, रोजची मुलगी

‘अस्तु’ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चन्नम्मासाठी रडलो होतो. परवा खापरखेड्यात, बाबांच्या खाटेशेजारी बसून, इयरफोन लावून मोबाईलवर पुन्हा पाहिला. या वेळी इराची दया आली.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा हा चित्रपट. चक्रपाणी शास्त्री (डॉ. मोहन आगाशे) संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. अल्झायमरने आठवणी पुसल्यात. मुलगी इरा (इरावती हर्षे) जराशी गाडीतून उतरते आणि ते रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. माहुताची बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. ते तिला आई मानतात. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो तिचाच होता. पण चन्नम्माकडे हा म्हातारा पाहुणा आहे. तिला त्याचं पूर्वीचं रूप माहीत नाही, म्हणून तुलनाही नाही. इराकडे ते रोज आहेत. माया चन्नम्माच्या वाट्याला आणि अपराधीपण इराच्या, ही वाटणी मला खटकते.

बाबांची नोकरी इथल्या वीज केंद्रात गेली. पक्षाघातानंतर दवाखान्यातून घरी आले ते उजवा हात लुळा घेऊनच. आंघोळ, गोळ्या, व्यायाम यांची सवय झाली. अडलं ते सहीपाशी. बँकेत अंगठा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. बाबा डाव्या हाताने वहीत सही गिरवत होते. “मीच करतो ना सही!” एवढं वाक्य बोलायला त्यांना खूप वेळ लागायचा.

मला घाई होती. त्यांचा फोन माझ्याकडे, ओटीपी माझ्यासमोर. न विचारता पैसे वळवले, औषधांसाठीच. संध्याकाळी त्यांनी मेसेज वाचला. बोलले काहीच नाहीत. वही मात्र त्या दिवसानंतर उघडली नाही.

एखाद्याच्या वतीने निर्णय घेताना त्याचं मोठेपण आपल्या हातून कसं निसटतं, हे ‘अस्तु’ला कळतं. आगाशे विस्मरणातही शास्त्रींचा ताठा सोडत नाहीत. हा ताठा हत्तीसमोर, चन्नम्मासमोर सुंदर दिसतो. मला तो बँकेच्या काउंटरवर पाहायचा होता, इरा शेजारी पासबुक घेऊन उभी असताना. चित्रपटाचं मन तिकडे रमत नाही.

काल वही मीच काढून त्यांच्या उशाशी ठेवली. पेन डाव्या बाजूला.