क्रियापदातली कवयित्री

संतकवी, पंतकवी, तंतकवी अशी तीन दालने मराठी वाङ्मयेतिहासाने कवींसाठी बांधली. 'कवी' संस्कृतातून आला, 'शाहीर' अरबी 'शाइर'वरून; भास्करभट्ट बोरीकरांना महानुभावांनी 'कवीश्वर' म्हटले. कोश हे शब्द जवळजवळ ठेवतो, पण मला ते समानार्थी वाटत नाहीत. त्या मानाच्या वेगवेगळ्या जागा आहेत.

जात्यावर बसणारीला यांतली एकही जागा मिळाली नाही. आमच्या शिरूर कासारकडे बाई ओवी 'म्हणते'. तिच्या वाट्याला क्रियापद आले, नाम नाही. समीक्षेने तिच्या रचनेला 'लोकगीत' म्हणून कर्ता पुसला. ओवी पिढ्यान्‌पिढ्यांची, म्हणून ती कुणा एकीची नाही, हे त्यामागचे कारण. ते सरसकट पटत नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकारातून १ लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. त्यांत १९९६ मध्ये आपल्याच बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात बायकांनी गायलेल्या बाबासाहेबांवरच्या ओव्या आहेत. त्या शतकानुशतकांच्या असूच शकत नाहीत. विसाव्या शतकात कुणीतरी त्या जुळवल्या.

महदंबेचे धवळेही गोविंदप्रभूंच्या विवाहप्रसंगी गायलेले, लग्नातले गाणेच. तिला आपण आद्य कवयित्री मानतो, कारण महानुभावांनी तिचे नाव जपले. मग फरक काव्याचा नव्हे, नोंदीचा आहे. संग्रहात आता गाणारणींची नावे आहेत. वाङ्मयेतिहासाने ती वाचावीत.