कुठे रूपक, कुठे नाही

कीर्तनात बुवांनी 'माउली, हे रूपक आहे बरं का' असे म्हटले की टाळकऱ्यांसकट सगळा मंडप मान डोलावतो. रूपक म्हणजे वरचा अर्थ सोडायचा आणि आतला धरायचा, एवढी आपली ढोबळ समजूत. उपमा, रूपक, दृष्टान्त, स्वभावोक्ती ही नावे आपण शाळेच्या व्याकरणात घोकली आणि परीक्षेबरोबर सोडून दिली. पण त्यांची खरी गरज पुढे लागते, गाथा हातात घेतल्यावर. संत कुठे रूपकात बोलतात आणि कुठे सरळ बोलतात, हे ज्याला कळत नाही तो दोन्हीकडे फसतो. रूपकाला तो खरे मानतो, आणि जे खरे आहे त्याला रूपक म्हणून मोकळा होतो. यातला दुसरा घोटाळा मला जास्त घातक वाटतो.

सेना महाराजांपासून पाहू, कारण तिथे काहीच झाकलेले नाही. त्यांनी आपल्या धंद्याची सगळी धोकटी अभंगात उघडून ठेवली आहे. आरसा म्हणजे विवेक, चिमटा म्हणजे वैराग्य, आणि काढायची नखे ती काम-क्रोधाची. आरसा विवेकासारखा आहे असे म्हटले असते तर ती उपमा झाली असती. उपमेत दोन वस्तू शेजारी शेजारी बसतात आणि मध्ये जैसा, परी, जणू असा एखादा शब्द असतो. रूपकात तो शब्द गळून पडतो आणि दोन्ही वस्तू एक होतात. असे एकच रूपक अंगोपांगांसह शेवटपर्यंत चालवले की त्याला सांगरूपक म्हणायचे. त्याचा सर्वांत मोठा नमुना ज्ञानेश्वरीच्या अगदी आरंभी आहे. माउलींनी तिथे गणपतीची मूर्ती शब्दब्रह्माची घडवली. अकार हे पाय, उकार हे पोट, मकार हे मस्तक. तर्क हा परशू, वेदान्त हा मोदकातला रस. मोडलेला दातसुद्धा रिकामा सोडला नाही, बौद्धमताच्या खंडनाशी त्याची सांगड घातली.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कशाची जोडी कशाशी, हे स्वतः संतांनी सांगितले आहे. श्रोत्याने किंवा बुवांनी पदरची जोडी लावलेली नाही. वहीत दोन रकाने करावेत, एकात धोकटीतली हत्यारे आणि दुसऱ्यात गुण लिहावेत. अभंगातल्याच शब्दांनी दोन्ही रकाने भरतात. मला ही कसोटी फार उपयोगी वाटते. एक रकाना आपल्याला घरून आणून भरावा लागत असेल, तर थांबून विचार करावा.

आता सावतोबांचा मळा घ्या. कांदा, मुळा, भाजी यांतच त्यांना विठाई दिसते. हेही रूपकच, असे पुष्कळदा सांगितले जाते; मळा म्हणजे देह, भाजी म्हणजे सद्गुण, असा विस्तारही होतो. मला तो पटत नाही. सेना महाराजांच्या अभंगात आरसा बाजूला ठेवून विवेक हाती घ्यायचा आहे. सावतोबांना काहीच बाजूला ठेवायचे नाही. अरणच्या रानातली खरी भाजी, खरे पाणी, खरी मोट, आणि तीच पूजा. उपमेय आणि उपमान अशा दोन वस्तू तिथे उरतच नाहीत, मग रूपक कशाचे? भाजीचा देह-सद्गुण केला की सावतोबांनी जे एक केले होते ते आपण पुन्हा दोन करतो.

नाथ महाराजांच्या भारुडाची गोष्ट निराळी. विंचवाच्या भारुडात काम-क्रोधाचा विंचू आहे हे नाथ लगेच सांगतात, उतारा म्हणून सत्त्वगुणही सांगतात. तिथे चुकायला जागा नाही. रोडग्याच्या भारुडात मात्र ते किल्ली लगेच देत नाहीत. सून भवानीआईला रोडगा बोलते आणि सासरची एकेक माणसे दूर कर म्हणते. आमच्या दहिसरला सप्ताहात हे भारूड झाले की सासूच्या नावावर सर्वांत मोठा हशा पिकतो. सोंग घेणारा पुरुष असेल तर तो सासूची नक्कल आणखी लांबवतो, आणि शेवटचा चरण येईपर्यंत मंडप हसण्यातच दमलेला असतो. आणि नेमकी किल्ली त्या शेवटच्या चरणात आहे. नाममुद्रेसोबतच तिथे 'एकटी' राहू दे अशी मागणी येते. सगळे नातेगोते, सगळी उपाधी सुटून उरलेली ती एकटी कोण, या प्रश्नावर भारूड उभे आहे. सासू म्हणजे कोणी माया म्हणतात, कोणी कल्पना. त्या तपशिलावर मी भांडणार नाही. भारूड सासूविरुद्ध नाही, एवढे नक्की.

आतला अर्थ कळला म्हणून वरचा मात्र फेकून देऊ नये. रूपक चालते ते उपमानाच्या पायावर. सासुरवास खरा होता, जात्यावर बसणाऱ्या बाईला तो रोज भोगावा लागत होता, म्हणूनच नाथांनी तो निवडला. प्रपंचाचा जाच सांगायला त्याहून ओळखीची वस्तू पैठणच्या बाईजवळ नव्हती. मंडपात मागे बसलेल्या बायका हसतात ते त्यांना वेदान्त कळत नाही म्हणून नव्हे. आपला जाच कोणीतरी मोठ्याने बोलले म्हणून हसतात. नाथांना ते हसू हवेच असणार.

एवढी तयारी झाली की चोखोबांकडे जाता येते. उसाचा त्यांचा अभंग सर्वांना पाठ आहे. वाकडा ऊस, वाकडी कमान, वाकडी नदी, आणि तरी आतला रस, बाण, पाणी वाकडे नाही. याचे नाव दृष्टान्त. एक गोष्ट पटवायची म्हणून तशाच दुसऱ्या गोष्टी पुढे मांडायच्या. (दृष्टान्त जुना होतो तो असा: तुळशीकडच्या डोंगरातून उतरणारी आमची दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानात निर्मळ असते आणि वस्तीत शिरली की नाल्यासारखी होऊन मनोरीच्या खाडीला मिळते. भिंतींत बांधलेली ती काळी धार पाहूनच वाढलेल्या रावळपाड्यातल्या पोराला 'नदी वाकडी, पाणी चांगले' हे उदाहरण उलगडून सांगावे लागते.) इथे पाहायचे ते असे, की चोखोबांना दृष्टान्त द्यायचा असतो तेव्हा ते तो उघडपणे देतात. एकामागून एक तीन देतात, आणि शेवटी आपले नाव घेऊन सांगतात की हे माझ्याविषयी आहे, वरच्या रंगाला भुलू नका. अलंकार कसा वापरायचा हे ज्याला इतके नेमके ठाऊक होते, तो अलंकार न वापरता बोलतो तेव्हा त्याचे बोलणे जसेच्या तसे घेतले पाहिजे.

बडव्यांनी मारल्याची विठोबाकडे केलेली तक्रार हा तसा अभंग आहे. देवाच्या गळ्यातला हार तुझ्याकडे कसा, असा आळ घेऊन मारहाण झाली आणि भक्त देवाला धाव म्हणतो. दहिसरच्याच एका सप्ताहात मी यावरचे निरूपण ऐकले. बुवा अभ्यासू, आवाज गोड. त्यांनी सांगितले की बडवे म्हणजे षड्रिपू, देवळाचे दार म्हणजे दहावे द्वार, आणि पायरी म्हणजे अहंकाराची पायरी. मंडपाने टाळ्या वाजवल्या. रकान्यांची कसोटी लावा. षड्रिपू अभंगात कुठे आहेत? एकही नाही. उजवा रकाना सगळाच्या सगळा बुवांचा.

आणि डाव्या रकान्यात जे आहे ते तर पंढरपुरात डोळ्यांना दिसत होते. बडवे हे देवळातल्या वतनदार सेवेकऱ्यांचे नाव. त्यांचे वंशपरंपरेचे हक्क जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने संपले. आजच्या कोणाला बोल लावण्यासाठी हे लिहीत नाही. पण जे पद न्यायालयात जाऊन संपवावे लागले, ते मनातला विकार कसे असेल? पायरीचेही तेच. चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी पंढरीला आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी केली, अशी आपली परंपरा सांगते. त्यांच्या समाजाचा वारकरी पुढे सहाशे वर्षे त्या समाधीपाशीच थांबत राहिला. त्याच्यासाठी दार उघडावे म्हणून साने गुरुजी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषणाला बसले आणि दहा दिवसांनी ते सुटले. अहंकाराची पायरी उपोषणाने उघडत नाही.

या सरळ बोलण्यालाही साहित्यशास्त्रात नाव आहे: स्वभावोक्ती. वस्तू जशी आहे तशी सांगणे. दंडीने तिला अलंकारांत पहिले स्थान दिले. कुंतक म्हणाला की हा अलंकार नव्हेच, ही तर ज्यावर अलंकार चढवायचा ती मूळ वस्तू. चोखोबांचे अभंग वाचताना मला कुंतकाचे म्हणणे जवळचे वाटते.

हा फरक किती बारीक आहे ते 'जोहार'मध्ये दिसते. गावाचा महार पाटलाला जोहार घालून गावचा हालहवाल सांगतो, हा मूळचा प्रसंग. नाथ महाराजांनी तो भारुडात घेतला. त्यांच्या अशा रचनांत देह हेच गाव होते, विकार ही रयत होते, आणि महाराचे सोंग घेऊन नाथ त्या गावाचा कारभार सांगतात. हे उघड रूपक, आणि पैठणच्या ब्राह्मणाने ते सोंग घेण्यात धाडसही आहे. चोखोबा जोहार घालतात तेव्हा शब्द तेच, नमस्कार तोच. पण ते भूक सांगतात, उष्ट्यासाठी आलो म्हणतात. ते सोंग नाही. वारकऱ्याने दोन्ही जोहार एका बैठकीत, एकापाठोपाठ वाचून पाहावेत. अलंकाराच्या पुस्तकातल्या दहा पानांनी कळणार नाही ते तेवढ्याने कळते.

तुकोबारायांच्या आत्मपर अभंगालाही हेच लागू. संतांनी विचारले म्हणून त्यांनी आपली जात, धंदा, दुष्काळ आणि अन्नावाचून गेलेली बायको सांगितली. तो दुष्काळ १६२९-३० च्या सुमाराचा. त्याला विरक्तीचा दुष्काळ म्हणणाऱ्यांना मी हात जोडतो.

यावर कोणी म्हणेल, संतवाणी शेवटी परमार्थाची. तिच्यात जातीचे, भुकेचे कशाला शोधता? आक्षेप भावाने केलेला आहे, म्हणून उत्तरही तसेच देतो. चोखोबांचा परमार्थ रूपकाच्या आड लपलेला नाही. मार खाताना त्यांनी विठोबालाच हाक मारली, दुसऱ्या कोणाला नाही. परमार्थ तो तिथे आहे. मार काढून टाकला तर हाकही पोकळ होते. कीर्तनात आपण अभंग 'प्रमाण' म्हणून देतो. आपण मनाने घातलेल्या रूपकाला संतांच्या प्रमाणाचे वजन कसे द्यायचे?

सोयराबाईंचे दोन अभंग शेजारी ठेवले की हे सगळे एका हाताखाली सापडते. पहिला रंगाचा. किशोरीताई आमोणकरांनी तो गायला आणि घरोघर पोचला. विरारहून येऊन दहिसरला थांबणाऱ्या सकाळच्या गाडीत टाळ वाजत असले तर बहुधा कानी पडतोच. रंग म्हणजे अभेद, न्हाऊन निघणे म्हणजे द्वैत जाणे: रूपक, आणि किती देखणे! दुसरा विटाळाचा. देहाला विटाळ म्हणता, पण विटाळावाचून कोणाचा देह जन्मला, असा त्यात रोख आहे. रंग नाही, आरसा नाही, ऊस नाही. एकामागून एक प्रश्न आणि त्यांची सरळ उत्तरे. दोन्ही अभंगांखाली 'चोखियाची महारी' हीच मुद्रा आहे, आणि तो शब्दही रूपक नाही.

पहिला अभंग आमच्याकडे दर एकादशीला होतो. दुसरा निरूपणाला घेतलेला मी अजून ऐकलेला नाही. येत्या एकादशीला तो घ्यावा, आणि घेताना देहाला देहच म्हणावे, अशी विनंती आमच्या बुवांना केली आहे.