परवान्यातील ‘अट’ : आर्टिस्टिक लायसन्सच्या भाषेचा विचार

संगणकीय आज्ञावलीचा एखादा घटक मुक्त स्रोत म्हणून दिलेला असला, म्हणजे तो बिनशर्त दिलेला असतो असे नाही. देणाऱ्याने काय दिले आणि काय राखून ठेवले, हे परवान्याच्या शब्दांवरूनच ठरते. म्हणून परवाना हा जसा कायद्याचा तसाच भाषाभ्यासाचाही विषय आहे. ‘आर्टिस्टिक लायसन्स’ हा पाठ या दृष्टीने परीक्षणास विशेष योग्य होय. कारण त्यातील एका शब्दबंधाच्या अर्थावर एका महत्त्वाच्या खटल्याचा निकाल मुख्यतः अवलंबून राहिला.

लॅरी वॉल यांनी ‘पर्ल’ या संगणकभाषेसाठी रचलेला हा परवाना १९९१ साली तिच्या चौथ्या आवृत्तीबरोबर पुढे आला. त्याची शैली विधिलेखाची नाही, संभाषणाची आहे. आणि तिचे दोषही स्पष्ट आहेत. प्रती काढून देण्याबद्दल ‘वाजवी’ शुल्क घेण्याची मुभा देताना, ज्याचे समर्थन करता येईल ते वाजवी, अशी व्याख्या केली आहे. आणि हे समर्थन हक्कधारकापुढे करावे लागणार नाही, असेही लागलीच सांगून टाकले आहे. जी मर्यादा घालत नाही तिला व्याख्या म्हणणे कठीण. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने या पाठावर संदिग्धतेचा ठपका ठेवला, तो या अंगाने रास्तच म्हटला पाहिजे.

तथापि याच पाठाने न्यायालयात तग धरला. प्रतिकृती-रेल्वे चालविण्यासाठी तयार झालेल्या ‘जावा मॉडेल रेलरोड इंटरफेस’ या प्रकल्पातील डीकोडर-व्याख्यांच्या संचिका एका व्यापारी आज्ञावलीत वापरण्यात आल्या. मूळ लेखकांची नावे, स्वामित्वाची सूचना आणि केलेल्या बदलांची नोंद मात्र गळाली. ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ या खटल्यात कॅलिफोर्नियातील जिल्हा न्यायालयाने २००७ मध्ये असे मानले की, परवानगी व्यापक आहे. नोंदीची कलमे तिला मर्यादा घालीत नाहीत, ती केवळ करारातील वचने होत. फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने १३ ऑगस्ट २००८ रोजी हे मत रद्द ठरवून प्रकरण परत पाठविले. परवान्यातील ‘प्रोव्हायडेड दॅट’ हा शब्दबंध कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार अटीचा निदर्शक आहे, हा त्याचा मुख्य आधार होता. पक्षांत तडजोड झाली ती २०१० मध्ये.

हा भेद केवळ शाब्दिक नव्हे. वचन मोडले तर करारभंग होतो आणि नुकसानभरपाई मागता येते. पण जी वस्तू विनामूल्य दिली तिच्याबाबत पैशातील नुकसान दाखवायचे कसे? उलट, अट मोडून केलेला वापर परवानगीच्या कक्षेबाहेर पडतो, आणि मग स्वामित्वहक्काच्या उल्लंघनाबद्दल मनाईहुकूम मागण्याची वाट मोकळी होते. विनामूल्य देणाऱ्याच्या हाती काही उरते की नाही, हा प्रश्न त्या दोन शब्दांत सामावलेला होता.

मराठीच्या अभ्यासकास येथे विचार करण्याजोगे पुष्कळ आहे. संविधानाच्या व अधिनियमांच्या मराठी पाठांत या शब्दबंधासाठी ‘परंतु’ रूढ आहे, आणि त्यावरूनच ‘परंतुक’ ही संज्ञा आली. विधिलेखातील संकेतामुळे तेथे तो शब्द निभावून जातो. परवाना मात्र सामान्य आज्ञावलीकारही वाचतो. ‘प्रतीत बदल करता येईल, परंतु बदलाची नोंद करावी’ असे लिहिले, तर पहिले वाक्य स्वयंपूर्ण राहते आणि दुसरे वेगळी आज्ञा ठरते, म्हणजे जिल्हा न्यायालयाचाच अर्थ व्याकरणातून निघतो. ‘बदलाची नोंद केल्यासच प्रतीत बदल करता येईल’ या रचनेत अट आधी येते, आणि ‘च’ या अव्ययाने परवानगी तिच्याशी जखडली जाते. परवान्याचे मराठीकरण करणाऱ्याने रूढ प्रतिशब्द उचलण्यापूर्वी हा फरक पारखून घेणे अगत्याचे आहे.

सारांश, आर्टिस्टिक लायसन्सचे गद्य सैल आहे, त्यातील व्याख्या दुबळ्या आहेत. पण परवानगी आणि अट यांचा सांधा त्यात पक्का बसला आहे. परवान्याच्या मूल्यमापनात शैलीच्या डौलापेक्षा या सांध्यालाच अधिक महत्त्व दिले पाहिजे.