झिंगाट : गावाच्या घाईचं गाणं

मागच्या वेळी आपण अडोर्नोपाशी थांबलो होतो. १९४१ सालच्या लोकप्रिय संगीतावरच्या निबंधात तो म्हणतो की, असं गाणं ऐकणाऱ्याच्या वतीनं आधीच ऐकून ठेवलेलं असतं. साचा ठरलेला, म्हणून प्रतिसादही ठरलेला. मी वर्षानुवर्षं वर्गात हे शिकवलं, आणि खरं सांगायचं तर जरा तुच्छतेनंच शिकवलं. मग २०१६ च्या एप्रिलात नागराज मंजुळे यांचा 'सैराट' आला आणि लोक थिएटरात खुर्च्या सोडून नाचायला लागले.

'झिंगाट'चं संगीत अजय-अतुल यांचं, शब्द त्यांचे, आवाजही त्यांचेच. या चित्रपटाच्या संगीतातला वाद्यवृंदाचा भाग हॉलिवूडमध्ये ध्वनिमुद्रित झाला, याची तेव्हा फार चर्चा झाली. मला या गाण्याचं बळ तिथं दिसत नाही. ते ठेक्यात आहे. ठेका वरातीचा, ज्याला नाचता येत नाही त्यालाही हात वर करता येतात. साचा म्हणाल तर पक्का साचा! इथपर्यंत अडोर्नो बरोबर आहे.

पण शब्द ऐका. अत्तरबित्तर लावून आलेला, प्रेमानं बावरलेला एक खेड्यातला पोरगा म्हणतो की, माझ्या लग्नाची साऱ्या गावालाच घाई झालीय. हे कोण म्हणतंय? पारधी समाजातला परश्या. आणि नाचतोय कुठं? आर्चीच्या भावाच्या वाढदिवसाला, पाटलाच्या दारात. त्याच रात्री दोघं पकडली जातात. गावाला घाई आहे खरी, पण ती हे लग्न मोडायची. म्हणजे गाण्यातलं सगळ्यात आनंदाचं वाक्य चित्रपटात सगळ्यात खोटं ठरतं, आणि आपण ते टाळ्यांच्या तालात ऐकलेलं असतं. आपला ठरलेला प्रतिसाद दिग्दर्शकानं आपल्याच विरुद्ध वापरला. साच्याचा असाही उपयोग होतो, हे अडोर्नोच्या हिशेबात मला सापडत नाही.

२०१८ च्या 'धडक'मध्ये चाल तीच राहिली, शब्द हिंदी झाले. माझ्या कानाला तिथं नुसती पार्टी ऐकू येते. गाव गेलं, त्याची घाईही गेली.

आता अडचण अशी की, गाणं चित्रपटातून सुटलं आणि थेट लग्नाच्या वरातीत गेलं. तिथं ते वाक्य खरं असतं! पत्रिका जुळलेली, जात जुळलेली, गावाला खरोखरच घाई. जे गाणं या घाईचा खोटेपणा दाखवत होतं, तेच आता तिच्यापुढं वाजतं. यश म्हणायचं ते हेच का?

मध्यंतरी नात्यातल्या एका लग्नाला गेलो होतो. बँडनं 'झिंगाट' धरलं, पोरांनी मलाही ओढलं. शेजारी नाचणारे मुलाचे काका कानाशी येऊन ओरडले, "सर, सगळं आपल्यातलंच जुळलं बघा!"

मी मान हलवली. नाच काही थांबवला नाही.